सामायिक तक्ते आणि मागे उरलेल्या फाइली

एक वही आणि अनेक हात ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. जुन्या पेढीवर रोजकीर्द एकाच कारकुनाच्या बैठकीपुढे असे. दुसऱ्यास नोंद करावयाची झाल्यास पहिला लेखणी खाली ठेवीपर्यंत त्यास थांबावे लागे. वही कोणाच्या हाती आहे हे सर्वांस डोळ्यांनी दिसत असल्यामुळे त्यात घोटाळा होत नसे. संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेल्या तक्त्याची गोष्ट निराळी आहे. तेथे वही एका ठिकाणी असते, लिहिणारे अनेक ठिकाणी असतात, आणि त्यांपैकी कोणीही कोणास पाहत नाही.

दिल्ली आणि तिच्या भोवतालचा राजधानी परिसर हे या अडचणीचे उत्तम उदाहरण होय. या परिसरात दिल्लीबरोबरच हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांतील जिल्ह्यांचा समावेश होतो. १९७६ साली येथे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची स्थापना झाली आणि सरकारी कामात संगणकाचा शिरकाव पद्धतशीरपणे होऊ लागला. आज लहानमोठ्या खाजगी संस्थाही संगणकाच्या जाळ्यावरच आपला व्यवहार चालवितात. समजा, एखाद्या संस्थेचे मुख्य कार्यालय दिल्लीत, गोदाम नोएडात व विक्रीविभाग गुरुग्राम येथे आहे. मालाच्या साठ्याचा एकच तक्ता दिल्लीतील सर्व्हरवर ठेवलेला असून तिन्ही ठिकाणचे लोक तो उघडतात. एके दिवशी त्या तक्त्याशेजारी काही विचित्र नावांच्या फाइली दिसू लागतात. महिनाभरात त्यांची संख्या शेकड्यावर जाते. कोणीतरी त्यांस केरकचरा समजून पुसून टाकतो, आणि मग ध्यानात येते की गेल्या आठवड्यातील नोंदी कोठेच सापडत नाहीत.

ही हानी टाळता येण्याजोगी आहे. मागे उरलेली फाइल म्हणजे अर्धवट राहिलेल्या एका क्रियेचा साक्षीदार होय. साक्षीदारास हाकलून देण्यापूर्वी त्याची जबानी घ्यावी, एवढेच या प्रकरणातील मुख्य तत्त्व आहे. ती जबानी समजण्यासाठी तक्ता जतन होतो तो कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे.

जतन करण्याची क्रिया

संगणकावरील आकडेमोडीचा तक्ता, म्हणजेच स्प्रेडशीट, डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोन अमेरिकन तंत्रज्ञांनी १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ या नावाने बाजारात आणला. तो एका यंत्रावर, एका माणसाने वापरावयाचा होता. ‘एक्सेल’ हा आज सर्वपरिचित असलेला कार्यक्रम १९८५ मध्ये निघाला. एका यंत्रावरील फोल्डर दुसऱ्या यंत्रावरून उघडता यावे यासाठी ठरविलेले नियम याच सुमारास तयार होत होते. अशा रीतीने एकट्याच्या कामासाठी जन्मलेला तक्ता पुढे सामायिक फोल्डरात येऊन बसला.

वापरणाऱ्यास असे वाटते की ‘जतन करा’ अशी आज्ञा दिली म्हणजे जुन्या फाइलीतील आकडे खोडून त्या जागी नवे आकडे लिहिले जातात. वस्तुतः तसे केल्यास मोठा धोका संभवतो. लिहिण्याचे काम मध्येच थांबले तर जुने गेले आणि नवे आले नाही, अशी अवस्था होईल. म्हणून एक्सेल निराळा मार्ग अवलंबितो. आवृत्तीनुसार तपशिलात थोडाफार फरक पडतो. परंतु त्या मार्गाचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात.

पहिल्या टप्प्यात त्याच फोल्डरात एक नवी, तात्पुरती फाइल निर्माण होते आणि संपूर्ण तक्ता तीत लिहिला जातो. या फाइलीचे नाव आठ चिन्हांचे असते. ही चिन्हे शून्य ते नऊ हे अंक आणि रोमन लिपीतील पहिली सहा अक्षरे यांतून यदृच्छया निवडलेली असतात. काही वेळा नावापुढे ‘टीएमपी’ असे शेपूट जोडलेले असते. दुसऱ्या टप्प्यात जुनी फाइल बाजूला सारली जाते. तिसऱ्या टप्प्यात तात्पुरत्या फाइलीस मूळ नाव दिले जाते. चौथ्या टप्प्यात बाजूला सारलेली जुनी प्रत नष्ट होते.

इमारत बांधताना परांची उभारतात व काम संपताच ती उतरवितात. तसाच हा प्रकार आहे. काम सुरळीत झाले तर परांची कधी उभी होती याची पाहणाऱ्यास जाणीवही होत नाही. ती उभीच दिसली तर गवंडी कोठे थांबला हे शोधावयास हवे.

हा थांबा कोणत्या टप्प्यावर आला यावर उरलेल्या फाइलीचे मोल अवलंबून असते. पहिल्या टप्प्यातच विघ्न आले असेल, तर तात्पुरती फाइल अपुरी असते व मूळ तक्ता जसाच्या तसा राहतो. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांच्या दरम्यान विघ्न आले, तर मूळ नावाची फाइल फोल्डरातून नाहीशी झालेली आढळते. नवे काम सर्वच्या सर्व त्या विचित्र नावाच्या फाइलीत सुरक्षित असते आणि अन्यत्र कोठेही नसते. चौथ्या टप्प्यावर विघ्न आले, तर नवा तक्ता ठीक असतो व मागे उरते ती केवळ जुनी प्रत. बाहेरून पाहता तिन्ही फाइली सारख्याच दिसतात. परंतु एक निरुपयोगी, एक अमूल्य आणि एक अनावश्यक असते. न उघडता पुसणे किती अविचाराचे आहे, हे यावरून दिसून येईल.

अपुरी फाइल ओळखण्याचे एक साधन एक्सेलच्या आजच्या फाइलीच्या रचनेतच आहे. २००७ पासून प्रचारात आलेली ही फाइल म्हणजे अनेक लहान फाइलींचे एक गाठोडे असते, व त्या गाठोड्याची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. लिहिणे मध्येच तुटले तर अनुक्रमणिकाच नसते. त्यामुळे अशी फाइल उघडत नाही. जी विनातक्रार उघडते ती बहुधा पूर्ण असते.

दारावरील पाटी

दुसऱ्या प्रकारची उरलेली फाइल अगदीच लहान, एका किलोबाइटहूनही कमी आकाराची असते. तिचे नाव तक्त्याच्याच नावासारखे असून त्याच्या आरंभी एक नागमोडी रेघ व डॉलरचे चिन्ह असते. ती सामान्यतः दृष्टिआड ठेवलेली असते. तीत तक्त्यातील एकही आकडा नसतो; तक्ता कोणी उघडला आहे त्या व्यक्तीचे नाव तेवढे असते. ‘आत अमुक काम करीत आहेत’ अशी ती दारावरची पाटी होय. तक्ता बंद होताच पाटी काढली जाते. संगणक अकस्मात बंद पडला तर पाटी तशीच राहते, आणि पुढे येणाऱ्यास कधीकधी घरी गेलेल्या माणसाचे नाव वाचावयास मिळते.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. एक्सेलच्या बाबतीत पाटी हे कुलूप नव्हे. खरे कुलूप सर्व्हरच्या नोंदवहीत असते. कोणत्या संगणकाने कोणती फाइल उघडली आहे याची टिपणे सर्व्हर स्वतः ठेवतो. म्हणून तक्ता अडलेला असताना केवळ पाटी पुसल्याने दार उघडत नाही. ‘लिबर ऑफिस’ या मुक्त कार्यक्रमात मात्र पाटीलाच पुरावा मानले जाते. तेथे जुनी पाटी शिल्लक राहिली तर तक्ता प्रत्यक्षात मोकळा असूनही तो दुसऱ्याने व्यापला आहे असा इशारा मिळतो. कोणता कार्यक्रम वापरात आहे हे पाहूनच पुढील पाऊल टाकावे.

विघ्नांची चार कारणे

जतनक्रियेत येणाऱ्या विघ्नांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग हक्कांचा. सामायिक फोल्डरात कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे याचे हक्क व्यवस्थापक ठरवितो. पुष्कळदा चांगल्या हेतूने, म्हणजे कोणी नोंदी नष्ट करू नयेत म्हणून, लिहिण्याचा हक्क देऊन पुसण्याचा हक्क काढून घेतला जातो. परंतु वर सांगितलेल्या टप्प्यांत जुनी प्रत पुसणे हा जतनक्रियेचाच एक भाग आहे. इतकेच नव्हे, तर विंडोजमध्ये फाइलीचे नाव बदलण्यासाठीदेखील पुसण्याचा हक्क लागतो. परांची बांधण्याची मुभा आणि उतरविण्यास मनाई, अशी ही आज्ञा झाली. मग प्रत्येक वेळी जतन करताना एक फाइल मागे राहते.

दुसरा वर्ग तिसऱ्या हाताचा. नवी फाइल निर्माण होताच विषाणुरोधक कार्यक्रम ती तपासावयास घेतो. शोधसूची करणारा कार्यक्रम ती वाचू लागतो. शेजारच्या संगणकावर कोणी फोल्डरातील फाइलींचे पूर्वदर्शन चालू ठेवलेले असते. यांपैकी कोणी त्या क्षणी फाइल धरून ठेवली असेल तर विंडोज तिचे नाव बदलू देत नाही व ती पुसूही देत नाही. हा धरण्याचा काळ क्षणभराचाच असल्यामुळे हे विघ्न कधी येते व कधी येत नाही. याच लहरीपणामुळे त्याचे मूळ सापडण्यास वेळ लागतो.

तिसरा वर्ग वाटेचा. जाळ्याची तार सैल असणे, बिनतारी जोडणी क्षीण असणे, झाकण मिटताच लॅपटॉपने झोपी जाणे, ही सर्व याचीच रूपे होत. संगणक अचानक गप्प झाला तरी सर्व्हरच्या ते लगेच ध्यानात येत नाही. तोपर्यंत त्या संगणकाच्या नावावरील कुलूप तसेच राहते.

चौथा वर्ग विजेचा. ३१ जुलै २०१२ रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले. सुमारे ६० कोटी लोकांच्या वस्तीच्या प्रदेशात वीज गेली आणि दिल्लीत मेट्रोच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. इतकी मोठी आपत्ती क्वचितच येते. परंतु कचेरीच्या वेळेत क्षणभर वीज जाणे ही नित्याची बाब आहे. पुष्कळ कचेऱ्यांत सर्व्हरला यूपीएसचा आधार असतो, टेबलावरील संगणकासही असतो. मात्र मधल्या कोपऱ्यात भिंतीवर टांगलेल्या नेटवर्क स्विचला तो नसतो. वीज गेली की दोन्ही टोके जिवंत व मधली वाट मृत, अशी स्थिती होते. तात्पुरत्या फाइलींच्या दृष्टीने ही स्थिती विशेष घातक आहे; कारण लिहिणाऱ्यास आपला संगणक चालू दिसतो व तो निर्धास्त राहतो.

निदान कसे करावे

प्रथम कर्तव्य रक्षणाचे. उरलेल्या सर्व फाइलींची एक प्रत निराळ्या फोल्डरात करून ठेवावी व पुढील सर्व तपास त्या प्रतींवर करावा. शेपूट नसलेली फाइल दोनदा टिचकी मारून उघडत नाही. ती एक्सेलमधील ‘उघडा’ या आज्ञेने, ‘सर्व फाइली’ दाखविण्याचा पर्याय निवडून उघडावी. उघडल्यावर तिची मूळ तक्त्याशी तुलना करावी. शेवटची नोंद कोणती, ती मूळ तक्त्यात आहे किंवा नाही, एवढे पाहिले तरी क्रिया कोणत्या टप्प्यावर थांबली ते कळते.

त्यानंतर फाइलींची एक यादी करून प्रत्येकीचा दिनांक, वेळ, आकार व निर्माता हे चार तपशील मांडावेत. ही यादी पुष्कळ काही सांगते. सर्वांच्याच हातून आणि प्रत्येक जतनावेळी फाइल उरत असेल, तर हक्कांकडे पाहावे. बहुधा एखाद्या विशिष्ट दिवसापासून हा प्रकार सुरू झालेला आढळेल व त्याच दिवशी कोणीतरी हक्क बदललेले असतील. एकाच व्यक्तीच्या हातून फाइली उरत असतील, तर त्या व्यक्तीचा संगणक, त्याची तार व त्यावरील विषाणुरोधक कार्यक्रम तपासावा. फाइलींच्या वेळा एकाच क्षणी एकवटलेल्या असतील, तर वीज किंवा स्विच यांचा संशय घ्यावा. वेळांत कोणताच नियम दिसत नसेल, तर तिसऱ्या हाताचा शोध करावा.

हक्क आणि तिसरा हात यांतील भेद निश्चित करण्यासाठी विंडोजवर ‘प्रोसेस मॉनिटर’ नावाचे विनामूल्य साधन उपलब्ध आहे. कोणत्या कार्यक्रमाने कोणत्या फाइलीस केव्हा हात लावला व त्याचा परिणाम काय झाला, याची ते ओळीने नोंद करते. फसलेल्या क्रियेपुढे ‘ॲक्सेस डिनाइड’ असा शेरा असेल तर बहुधा हक्क अपुरा आहे. ‘शेअरिंग व्हायोलेशन’ असा शेरा असेल तर फाइल दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवली आहे. एका शेऱ्याने अनेक दिवसांचा तर्कवितर्क संपू शकतो.

तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही पाळावा. एक चाचणी फोल्डर करून तीत नमुन्याचा तक्ता ठेवावा. प्रथम केवळ हक्क बदलून पाहावे. मग ते पूर्ववत करून केवळ पूर्वदर्शन बंद करून पाहावे. सर्व उपाय एकदम योजिल्यास त्रास थांबेल, परंतु कशाने थांबला हे कळणार नाही व तो पुन्हा उद्भवल्यास तपास पहिल्यापासून करावा लागेल.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

हक्कांचा दोष आढळल्यास, ज्यांस तक्त्यात लिहावयाचे आहे त्यांना त्या एका फोल्डरापुरता फेरफाराचा पूर्ण हक्क द्यावा. पुसण्याचा हक्क त्यातच येतो. नोंदी कोणी नष्ट करील ही भीती खरी आहे. तिच्यावरील उतारा म्हणजे रोजची राखीव प्रत आणि सर्व्हरवर मागील आवृत्त्या राखण्याची सोय.

‘सर्वांना सर्व फोल्डरांचे सर्व हक्क’ देणे हा सोपा वाटणारा उपाय मात्र कटाक्षाने टाळावा. एखाद्या संगणकात घातक कार्यक्रम शिरला तर तो त्या संगणकावर काम करणाऱ्याचेच हक्क वापरतो. हक्क जितके सैल, तितकी हानी विस्तृत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर संगणकीय हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात गेली, आणि रुग्णनोंदणीसारखी कामे काही दिवस कागदावर करावी लागली. जाळ्याची विभागणी योग्य प्रकारे झालेली नव्हती, असे कारण सरकारने पुढे संसदेत सांगितले. तो प्रकार तात्पुरत्या फाइलींचा नव्हता. परंतु आतल्या भिंती पाडून सोय करून घेतल्यास बाहेरचा चोर किती आत येऊ शकतो, हे त्यावरून समजते.

विषाणुरोधक कार्यक्रमाच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. तो कायमचा बंद करणे हा उपाय नव्हे. चाचणीपुरता फोल्डर वगळून दोष त्याचाच आहे अशी खात्री करावी व नंतर त्याची नवी आवृत्ती घ्यावी अथवा तपासणीची रीत बदलावी. स्विचला यूपीएसचा आधार द्यावा. लॅपटॉप मिटण्यापूर्वी तक्ता बंद करण्याची सवय लावावी. अडलेला तक्ता सर्व्हरच्या यादीतून सक्तीने बंद करण्याची सोय व्यवस्थापकापाशी असते. तिचा उपयोग त्या व्यक्तीस विचारल्याखेरीज करू नये, कारण तिचे न जतन केलेले काम त्यामुळे जाऊ शकते.

झाडलोट सर्वांत शेवटी करावी. उरलेल्या फाइली प्रथम एका राखीव फोल्डरात हलवाव्यात, काही दिवस थांबावे, आणि कोणाचीही तक्रार न आल्यास त्या पुसाव्यात. दररोज रात्री अशा फाइली आपोआप पुसणारी व्यवस्था आकर्षक वाटते. परंतु अमूल्य आणि अनावश्यक यांतील भेद तीस कळत नाही, आणि ती साक्षीदारही नाहीसे करते.

नवी रीत

एक्सेलमध्ये एकच तक्ता अनेकांनी एकाच वेळी उघडण्याची एक जुनी सोय होती. प्रत्येकाच्या जतनाबरोबर इतरांचे फेरफार तीत मिसळले जात. त्यामुळे वर वर्णिलेली फाइल बदलण्याची क्रिया वारंवार घडे व विघ्नाचे प्रसंगही वाढत. नव्या आवृत्त्यांत ही सोय मागे टाकण्यात आली आहे. इंटरनेटवरील सहलेखनाच्या पद्धतीत तक्ता सर्व्हरच्याच ताब्यात राहतो आणि प्रत्येकाचा लहानसा फेरफार तेवढा त्याच्याकडे जातो. तेथे परांची उभारणे व उतरविणे हे काम सर्व्हर स्वतः करीत असल्याने फोल्डरात अवशेष दिसत नाहीत. ज्या तक्त्यात एकाच वेळी अनेकांनी लिहावयाचे आहे, त्यासाठी हीच रीत श्रेयस्कर होय. नोंदी फार वाढल्यास तक्ता सोडून रीतसर माहितीकोशाकडे वळावे.

तथापि सामायिक फोल्डर इतक्यात नाहीसे होण्याचे चिन्ह नाही. हिशेब, साठा, हजेरी व पगार यांचे असंख्य तक्ते अद्याप त्यांतच आहेत, आणि कोणाचे वेतन, कोणाचे औषध अथवा कोणाचे देणे त्यांतील एखाद्या रकान्यावर अवलंबून आहे. अशा फोल्डरात आठ चिन्हांच्या नावाची फाइल दिसल्यास तिची प्रत करावी, ती उघडून पाहावी, तिची वेळ टिपून ठेवावी, आणि मगच ती पुसण्याचा विचार करावा.